मोकळा सोडलेला हात

आमचे वडील विहिरी खणायचे आणि माझा धाकटा भाऊ क्रेन चालवतो. आई म्हणायची, "एकाने मला खाली बघायला लावलं, दुसऱ्याने वर. समोर बघून संसार करावा हे माझ्या कपाळी नव्हतंच." वडील विहिरीत उतरले की ती काठाशी फिरकायची नाही. घरात सूप घेऊन बसायची आणि एकदा निवडलेले तांदूळ पुन्हा निवडायची. पुढे भाऊ कामाला लागला, तेव्हाही सकाळी तो वर चढायच्या वेळेला तिच्या हातात सूप असायचंच.

खरं सांगायचं तर हा लहानपणी स्टुलावर चढायलाही घाबरायचा. माळ्यावरचा डबा काढायचा तर मला हाक. त्यामुळे क्रेनचं शिक्षण घेतो म्हणाला तेव्हा घरात सगळे हसले. मी विचारलं, "स्टुलावर पाय लटपटतात तुझे, तिकडे काय करशील?" तर म्हणाला, "स्टूल हलायला नको तेव्हा हलतं, आक्का. क्रेन हलायसाठीच केलेली असते." याचा अर्थ मला फार उशिरा कळला.

अंगाने तो उंच आणि किडकिडीत. बोलणं मोजकं. दिवसभर वर एका काचेच्या खोक्यात एकट्याने बसायचं, खालून सिग्नलवाला वॉकीटॉकीवर सांगेल तसं उचलायचं आणि ठेवायचं, त्यात बोलणार कोणाशी? साइटवर सगळे त्याला 'वरचा' म्हणत. "वरच्याला सांग." "वरचा बघून घेईल." मला ते बरं वाटायचं नाही. सिग्नलवाल्याला मी एकदा टोकलंही, "अरे, वरचा एकच असतो. त्याचं नाव असं कोणालाही देऊन टाकू नका." तो हसून म्हणाला, "मावशी, तुमचा वरचा आमच्या सळया उचलून देत नाही ना."

मी शाळेत मदतनीस आहे. वर्ग झाडायचे, घंटा द्यायची, लहान पोरांची नाकं पुसायची. भावाचं काम आमच्या शाळेला लागून असलेल्या जागेवर निघालं तेव्हा मला देवच पावला. त्याची मुलगी चिमणी आमच्याच शाळेत दुसरीत होती. घरी मी तिची आत्या, पण शाळेत इतर पोरांसारखं तिनेही मला मावशीच म्हणायचं, असं आमचं ठरलेलं. दुपारच्या सुट्टीत भाऊ माझ्या सामानाच्या खोलीत जेवायला यायचा. तिथे झाडू, बादल्या, खडूची खोकी आणि कोपऱ्यात एका फळीवर माझ्या देवाचा फोटो. म्हणून माझा एक नियम होता, बूट उंबऱ्याबाहेर. त्याचे ते लोखंडी टोकाचे, जड, चिखलाने माखलेले बूट. तो कुरकुरायचा, "दहा घास खायला येतो मी, त्यासाठी या नाड्या सोडायच्या आणि पुन्हा बांधायच्या." मी म्हणायचे, "देवापुढे दोन नाड्या सुटल्या तर हात झिजत नाहीत."

आता क्रेनचं थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. उभ्या मनोऱ्यावर एक लांबलचक आडवा हात असतो. चालवणारा वर असेपर्यंत तो त्याच्या ताब्यात. पण तो खाली उतरताना हाताचा ब्रेक सोडून यायचं असतं, म्हणजे वारा येईल तिकडे हात आपोआप वळतो. बघणाऱ्याला वाटतं, क्रेन मोकाट सुटली. पण वाऱ्याकडे पाठ फिरवली की वारा तिला फारसं काही करू शकत नाही. ब्रेक लावून ठेवला आणि वारा बाजूने आला, तर तो सगळा लांब हात वाऱ्याचा मार खातो आणि मनोरा मुळासकट ढकलला जातो. आमच्या भावाच्या भाषेत, "वादळात तिला धरून ठेवायचं नसतं."

पण मोकळा सोडला की हात शाळेच्या मैदानावरून फिरायचा. खाली पोरं खेळतायत आणि वरून ते लोखंड सावकाश सरकतंय, असं चित्र. फाटकाशी उभ्या आया तोंडाला पदर लावायच्या. वर्गातली मुलं चिमणीला चिडवू लागली, "तुझ्या बाबांचं भूत आलं बघ." ती घरी जाऊन उशीत तोंड खुपसून बसायची. शेवटी मुख्याध्यापिका, म्हणजे आमच्या मोठ्या बाई, स्वतः चालत साइटवर गेल्या. आवाज चढवायचा त्यांचा स्वभावच नाही. भावाला म्हणाल्या, "तुम्ही चूक करताय असं मी म्हणत नाही. पण पालक मुलांना मैदानात सोडत नाहीत. काही करता येईल का?"

भावाने मुकादमाकडे बघितलं, मुकादमाने आभाळाकडे. वादळाचे महिने सरले होते. पुढे सगळी थंडी, कोरडी, स्वच्छ, पानही न हलणारी. भाऊ म्हणाला, "वादळी दिवसांत जमणार नाही, बाई. पण आता थंडीभर मी उतरताना हात शाळेच्या भिंतीला समांतर उभा करून ब्रेक लावत जाईन. तुमच्यावरून जाणार नाही." मुकादमाने मान हलवली. नियमात बसत नव्हतं, पण महिनाच तसा होता. दुसऱ्या दिवसापासून हात भिंतीला समांतर, गप्प. मैदान भरलं. चिमणीचं भूत गेलं. मोठ्या बाईंनी भावाला ऑफिसात बोलावून चहा पाजला.

त्या वर्षी थंडी मात्र आलीच नाही.

म्हणजे आली, चार दिवस राहिली आणि पाहुण्यासारखी निघून गेली. काढलेल्या रजया लोकांनी पुन्हा घड्या करून ठेवल्या. ऐन थंडीत वर्गात पंखे फिरायला लागले. शाळेच्या कुंपणाजवळच्या झाडाला भलत्याच वेळी पालवी फुटली आणि आठवड्यात करपली. आई म्हणाली, "हा ऋतू खोटं बोलतोय." आम्ही हसलो. म्हातारी माणसं बोलतात तसं बोलली, एवढंच वाटलं.

तो दिवस तर भट्टीसारखा होता. भाऊ जेवायला आला तो बनियनवर, शर्ट खांद्यावर टाकून. बूट काढले, मोजेही काढले आणि फरशीवर तळपाय टेकवून म्हणाला, "हा गारवा मिळतो म्हणून तुझ्या देवाचा नियम पाळतो हो मी."

"देवाच्या नावाने पाय गार करतोस, वर सांगतोस पण."

"सकाळपासून एक वाऱ्याची झुळूक नाही. वर खोक्यात जीव नकोसा झाला." दोन घास खाऊन तो थांबला. "पक्षी बघितलेस?"

"कुठले?"

"तेच म्हणतोय. एक दिसत नाहीये."

मी काही बोलणार तेवढ्यात खोलीतला उजेड बदलला. खिडकीतून येणारं ऊन पिवळं पडलं, मग जुन्या पितळेसारखं हिरवट. लांबून एक आवाज आला, मालगाडी पुलावरून जाते तसा, पण तो थांबेना. भावाने हातातला घास ताटात ठेवला आणि तो बाहेर गेला. मी मागोमाग. साइटच्या पलीकडे मोकळं माळरान आहे. तिकडून मातीची भिंत उभीच्या उभी चालत येत होती आणि तिच्या मागे आभाळ काळं नव्हतं, पांढरं होतं.

भावाने तिकडे एकदाच बघितलं आणि मग वर. क्रेनचा हात भिंतीला समांतर होता, आमच्याच सोयीने उभा केलेला. वाऱ्याचा पहिला धक्का त्याच्या अख्ख्या लांबीवर बसला. हात वळला नाही. थरथरला, आणि मनोऱ्यातून असा आवाज निघाला की माझ्या दातांत कळ गेली.

वारा माळावरून शाळेकडे वाहत होता. क्रेन पडली असती तर शाळेवर पडली असती. हे मला कोणी समजावून सांगावं लागलं नाही.

"आक्का," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज नेहमीसारखाच होता, नळ बंद करून येतो असं सांगावं तसा, "मोठ्या बाईंना सांग, या बाजूचे वर्ग रिकामे करा. सगळ्यांना पलीकडच्या सभागृहात न्या, अगदी लांबच्या भिंतीशी. बाहेर कोणी पडायचं नाही."

"आणि तू?"

"ब्रेक सोडून येतो."

मी त्याचं मनगट धरलं. "वर जाऊ नकोस. जीव गेल्यावर कोण परत आणून देणार? पडू दे ती क्रेन."

"ती बांधलेली आहे, आक्का. मी बांधलीय." त्याने माझी बोटं एकेक करून सोडवली. कठोरपणे नाही, लहान मुलाची सोडवतात तशी. "तू मुलं बघ."

तो धावला. कुंपणातल्या फटीतून आत शिरला. मी वळले तेव्हा उंबऱ्याबाहेर त्याचे बूट होते. दोन्ही.

हाक मारायला तोंड उघडलं, पण पहिली गार पत्र्यावर पडली ती गोटा मारल्यासारखी. मग दुसरी, मग मोजायची सोय राहिली नाही. मी बूट उचलले, का ते माहीत नाही, आणि तसेच काखेत मारून मोठ्या बाईंच्या ऑफिसात गेले. "क्रेन पडेल," एवढंच म्हटलं. "या बाजूला." त्यांनी माझ्या काखेतल्या बुटांकडे बघितलं, खिडकीतून वर बघितलं, आणि एक प्रश्न न विचारता उठल्या. असं माणूस हवं अशा वेळेला.

व्हरांड्यातून मुलं नेली. वारा इतका की दारं धरायला दोन-दोन शिक्षिका लागत होत्या. गारा आत उड्या मारत येत होत्या, लिंबाएवढ्या, काही त्याहून मोठ्या. एका पोराला वाटलं गंमत आहे, तो एक उचलायला वाकला. मी त्याची कॉलर धरून ओढला. पहिलीची पोरं रडत होती. सभागृहात लांबच्या भिंतीशी सगळ्यांना खाली बसवलं, गुडघ्यांत डोकी. पत्र्याचा आवाज असा, की शेजारी बसलेल्याचं ओरडणं नुसतं तोंड हलताना दिसावं. मोठ्या बाई मध्ये उभ्या राहिल्या आणि त्यांनी दोन्ही हात वर करून पाढे सुरू केले. बे एके बे. आधी पुढची ओळ, मग मागची, मग सगळीच पोरं. भीतीला दुसरं काहीतरी काम द्यावं लागतं, हे त्यांना ठाऊक होतं.

चिमणीने माझा पदर ओढला. सगळ्यांदेखत म्हणाली, "आत्या." ठरलेलं विसरली होती. "बाबांचे बूट तुझ्याकडे कसे?"

"राहिले इथे."

"बाबा कुठेत?"

खोटं बोलावंसं वाटलं, पण देवाचं नाव जिभेवर असताना खोटं यायचं नाही. "वर गेलेत."

तिने सुस्कारा सोडला. "मग बरं," म्हणाली. "बाबा वर असले की ती ऐकते." आणि पाढ्यात मिसळली.

मी सभागृहाच्या दाराशी गेले. तिथल्या काचेतून मनोरा दिसायचा. गारांच्या पडद्यातून तो कधी होता, कधी नव्हता. मनोऱ्याच्या आत उभी शिडी असते आणि थोड्या थोड्या उंचीवर पाय टेकायला जाळीची फळी. पडदा विरळ झाला की भाऊ दिसायचा, एक काळा ठिपका. खाली मुकादम आणि सिग्नलवाला पत्र्याच्या तुकड्याखाली डोकी घालून वर बघत होते. अर्ध्यावर, एका फळीपाशी, ठिपका थांबला.

थांबला तो थांबलाच. हलेना. मनोरा प्रत्येक झोताला शाळेकडे वाकत होता आणि परत यायला पहिल्यापेक्षा जास्त वेळ घेत होता. मला त्याचं स्टूल आठवलं. वाटलं, भिऊन गेलं पोर. माझ्या मनात एकच चाललं होतं, देवा, एक तर त्याला खाली आण नाहीतर वर ने, असं मध्ये ठेवू नकोस. आणि लगेच जीभ चावली, कारण वर ने म्हणजे काय मागितलं ते माझं मलाच कळलं.

(नंतर कळलं. शिडीच्या पायऱ्यांवर बर्फ साचला होता. तळपाय बधिर झाले होते, पायरीवर पाय आहे की नाही हे समजत नव्हतं. म्हणून फळीवर बसून त्याने बनियन काढला, दातांनी फाडला आणि तळपायांना गुंडाळला. "बूट असते तर थांबलो नसतो," एवढंच म्हणाला. माझ्याकडे न बघता.)

ठिपका हलला. चढायला लागला. मग पुन्हा सगळं पांढरं झालं आणि मला काही दिसेना. मागे पाढे सातापर्यंत आले होते. सात साती एकोणपन्नासपाशी पोरं नेहमी चुकतात, तशी चुकली, आणि मोठ्या बाईंनी त्या आवाजातही त्यांना थांबवून परत म्हणायला लावलं.

वारा असा आला की काच आत फुगल्यासारखी वाटली. मनोरा कलला. मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं, तो कलला आणि परत आला नाही, तसाच राहिला, विचार करत असल्यासारखा. मोठ्या बाई कधी माझ्याजवळ आल्या कळलं नाही. त्यांचा हात माझ्या मनगटावर होता. तोंडाने त्या पाढाच म्हणत होत्या.

आणि मग क्रेनचा हात सुटला.

आधी इंचभर, मग एकदम. अख्खं लोखंड वाऱ्याबरोबर फिरलं आणि सरळ आमच्या दिशेने आलं. व्हरांड्याशी उभी एक शिक्षिका किंचाळली, "पडली!" सभागृहाच्या खिडक्यांवरून एक सावली सरकली आणि पोरांचा पाढा तुटला. मी डोळे मिटले नाहीत, मिटता आलेच नाहीत. हात शाळेच्या वरून गेला, कितीतरी वरून, आणि छपरांच्या पलीकडे टोक करून थांबला. डुलला. पण मनोरा सरळ झाला होता. वारा तोच होता, तितकाच, पण आता तो हाताच्या दोन्ही अंगांनी वाहून जात होता. ज्या जागी तो हात येऊ नये म्हणून सगळी खटपट केली, त्याच जागी येऊन तो आम्हाला वाचवत होता.

मोठ्या बाईंनी माझं मनगट सोडलं. "आठचा," त्या मुलांना म्हणाल्या. आवाज चिरकला, पण म्हणाल्या.

भाऊ वरच राहिला. उतरण्यात अर्थ नव्हता. वारा जरा दिशा बदलायचा, हात वळायचा, आणि त्याच्याबरोबर त्याचा काचेचा खोका. काच एका बाजूने फुटलेली. घड्याळाच्या काट्यावर बसलेल्या माशीसारखा तो फिरत होता आणि मी खाली त्याचे बूट घेऊन उभी.

मग जसं आलं तसंच ते गेलं. ऊन पडलं. मैदान पांढरंशुभ्र होतं आणि त्यातून वाफा निघत होत्या. कुंपणाचं झाड आडवं झालं होतं. साइटवरच्या सामानाच्या शेडचे पत्रे रस्त्यापलीकडे जाऊन पडले होते. देवाच्या कृपेने आत कोणी नव्हतं. पोरं गारा तुडवायला धावली, चिमणीसकट. आपल्या बापाकडे तिने एकदा वर बघून हात हलवला, रोज हलवते तसा.

तो उतरला तेव्हा मनोऱ्याच्या पायथ्याशी मी होते. शेवटच्या पायरीवरून जमिनीवर पाय ठेवला आणि दोन पावलं तिरका चालत गेला, मुकादमाने धरलं. "जमीन फिरतेय," म्हणाला. पाठीवर गारांचे काळेनिळे वळ, तळपायांच्या चिंध्या लाल. मी बूट पुढे केले. त्याने त्यांच्याकडे बघितलं आणि हसला.

"आता घालून काय करू? शिरतील का या पायांत?"

"मग हातात धर. मी धरून दमले," मी म्हटलं. यापेक्षा चांगलं काही सुचलं नाही. रडू आलं ते नंतर, खोलीत, त्याचं अर्धं जेवलेलं ताट उचलताना.

पुढच्या पालकसभेत मोठ्या बाई उभ्या राहिल्या. कोणाची चूक वगैरे काही बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "क्रेनचा हात यापुढे बारा महिने मैदानावरून फिरेल. मीच त्यांना बांधायला सांगितलं होतं, आणि आता मीच मोकळा ठेवायला सांगतेय. ऋतूचा भरवसा राहिलेला नाही." आयांनी माना हलवल्या. पोरांनी तर त्याचा खेळ केला. हाताची सावली मैदानावर सरकते आणि ती तिच्या आत राहून धावतात. राज्य चिमणीचं असतं, कारण क्रेन तिची.

पाय बरे व्हायला वेळ लागला. मग एका दुपारी भाऊ पुन्हा डबा खायला आला. उंबऱ्याशी थांबला, सवयीने खाली वाकला आणि नाडीला हात घातला. बाहेर ऊन होतं, पानही हलत नव्हतं.

"राहू दे," मी म्हटलं. "तसाच ये आत."

"आणि तुझा देव?"

"फरशी मी पुसते, देव नाही. ये."

त्याने नाडीवरचा हात काढला. मग बूट न काढता आत आला, फोटोला नमस्कार केला आणि फोटोपासून जरा लांब, दाराकडे तोंड करून जेवायला बसला.